वजनगटात एकटा

“मी बाबांना खोटं म्हणतच नाहीये, भूषण. हा कागद खोटा की ती पदकं खोटी, एवढंच तू ठरवून सांग.”

“आवाज खाली घे. ते गच्चीवर आहेत.”

“गच्चीवर आहेत म्हणूनच आत्ता बोलतेय.”

अंजलीने कागद पुन्हा पुढे केला. बुद्धभूषणने तो घेतला नाही. सोफ्याच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून तो नुसता उभा राहिला. खाली चटईवर त्याची आई विमलाबाई गवार मोडत बसली होती. तिने मान वर केली नाही, पण मोडण्याचा आवाज थांबला.

भांडण फॉर्मवरून लागलं होतं. नाशिकरोडच्या त्यांच्या कॉलनीत, विहाराच्या मागच्या मोकळ्या जागेत बॉक्सिंगचा हॉल बांधून झाला होता आणि समितीला त्याला नाव द्यायचं होतं. सावळीरामचं, म्हणजे बुद्धभूषणच्या वडिलांचं, नाव जवळजवळ ठरलं होतं. रविवारी बैठक. त्याआधी दगडावर कोरायला माहिती हवी होती: जन्म, नोकरी, वजनगट, लढती किती, विजय किती. फॉर्म अंजलीकडे आला, कारण त्या घरातले सगळेच फॉर्म तिच्याकडे येतात. ती एका कॉलेजात प्रवेशाच्या खिडकीमागे बसते. दिवसभर दाखले तपासायचे. कागद हातात आला की ती आधी शिक्का बघते, मग तारीख आणि सगळ्यात शेवटी समोरचा माणूस.

सासऱ्यांची प्लॅस्टिकची फाइल तिने तशीच बघितली. पाच सुवर्णपदकांची पाच प्रमाणपत्रं, आणि प्रत्येकाच्या मागे घडी घालून ठेवलेला, निकालाचा सायक्लोस्टाइल कागद. बाकीच्या वजनगटांत आठ-आठ, बारा-बारा नावं. हेवीवेटच्या, म्हणजे ८१ ते ९१ किलोच्या रकान्यात दोनच. एक सावळीरामचं. दुसऱ्यापुढे ‘गैरहजर’. निकाल, ‘वॉकओव्हर’. नाव दर वर्षी वेगळं, पण गैरहजर पाचही वर्षी.

“म्हणजे समोर कुणी आलंच नाही,” ती म्हणाली. “पाच सुवर्णपदकं, आणि ठोसा एकही नाही. ‘विजय किती’ इथे मी काय लिहू?”

“हे तुझ्या डोक्यात नवनाथकाकांनी भरवलंय.”

“ते मंगळवारी भाजीबाजारात भेटले. म्हणाले, फॉर्म भरशील तेव्हा सासऱ्यांची पदकं जरा हुंगून बघ. माझ्या ब्राँझला अजून घामाचा वास येतो. बस, एवढंच.”

“जळतात ते.”

“जळत असतील. पण ते कागदावर आहेत. पंचाहत्तर किलोत, चार लढती लढून तिसरे.”

नवनाथ हे एकलहऱ्याच्या वीज केंद्रात सावळीरामच्या बरोबरीने नोकरीला होते आणि त्याच्याच संघात खेळायचे. आता ते समितीवर होते. त्यांना स्वतःचं नाव हवंय असं बुद्धभूषणला पहिल्यापासून वाटत होतं. आणि आज त्याला असंही वाटायला लागलं होतं की आपल्या बायकोला घरात शोकेसपेक्षा पुस्तकांचं कपाट हवं होतं, ते काही ती विसरलेली नाही.

शोकेस दारासमोरच होती. तिच्यात पाच सोनेरी पदकं, निळ्या मखमलीवर. पाहुणा आत आला की चपला काढता काढता त्याची नजर तिथे जायची आणि मग तो सावळीरामकडे बघायचा. तसं बघण्यासारखा माणूस होताही. सहा फुटांच्या वर उंची, पासष्टीतही सरळ पाठ, डावीकडे झुकलेलं नाक. बोलणं मात्र अगदी कमी. कुणी म्हणालं, “दादा, पाच वेळा चँपियन म्हणजे खायचं काम नाही,” तर तो “बसा, चहा घ्या,” एवढंच म्हणायचा. लोक त्याला विनय समजायचे. बुद्धभूषण शाळेत असताना तीन पोरांशी याच पाच पदकांवरून मारामारी करून आला होता. तेव्हाही सावळीरामने त्याच्या गुडघ्याला हळद लावली आणि मारामारी कशावरून झाली ते ऐकून तो बाहेर निघून गेला होता.

“आणि वेदिकाच्या बॅनरचं काय?” अंजली म्हणाली. “ते तरी मी डोक्यात भरवून घेतलं नाही ना? तूच बघितलंयस.”

वेदिका ही मागच्या गल्लीतली मुलगी. दांडगी, सतरा वर्षांची. महिन्यापूर्वी ती जिल्ह्यात सुवर्णपदक मिळवून आली, तिचं बॅनर कॉलनीच्या कमानीवर लागलं. तेव्हापासून सावळीराम रोज सकाळी दूध आणायला जाताना त्या बॅनरखाली थांबायचा आणि तोंड कडू करून बघत राहायचा. पोरीला एकदाही शाब्बास म्हणाला नव्हता. घरात सगळ्यांच्या ते लक्षात आलं होतं, आणि म्हाताऱ्याला नातीच्या वयाच्या पोरीचं बघवत नाही, असा अर्थ प्रत्येकाने आपापल्या मनात लावून ठेवला होता.

“मला म्हाईतच व्हतं,” विमलाबाई एकदम म्हणाली.

दोघांनी खाली बघितलं.

“काय माहीत होतं, आई?”

“लग्नाला चार म्हैने झालते. हे भुसावळला स्पर्धेला गेले. तीन दिसांनी आले त गळ्यात सोन्याचं पदक. आन तोंडावर वरखडा नाय. मी चांदवडची, मला काय बाक्सिंग म्हाईत? पण माझा भाऊ कुस्ती खेळायचा, जिंकून आला तरी कान सुजलेला असायचा. म्या बनियन धुवायला घेतलं. हुंगलं. घामाचा वास नाय.” तिने एक शेंग मोडली. “तवाच म्हनलं, मानूस तीन दिस व्हता कुठं?”

“आई, काहीतरीच काय,” बुद्धभूषण म्हणाला.

“काहीतरी नाय. पाच टायमाला हुंगलं. पाची टायमाला तेच. पदक काय, बाजारात इकत मिळतं. आन दरसाली जायच्या आधी नवसाबाईच्या गाडीपाशी अर्धा-अर्धा घंटा उभे. मला गेटवरच्या वाचमनच्या बायकोनं सांगितलं व्हतं.”

“कोण नवसाबाई?” अंजलीने विचारलं.

“केळंवाली. वणीकडची. नवरा मेलेली.”

अंजलीला तिचा कागद आता हातात जड वाटायला लागला. तिने एक दाखला तपासायला घेतला होता, आणि सासूने एकोणचाळीस वर्षं जपलेला दुसराच पुढे टाकला होता.

“आणि तू कधी विचारलं नाहीस?” बुद्धभूषण म्हणाला.

“इचारलं की. ‘कुठं व्हते?’ म्हनलं. म्हणे, ‘स्पर्धेला.’ दुसऱ्यांदा इचारून काय वेगळं सांगनार व्हते?”

गच्चीचं दार लागल्याचा आवाज आला. मग जिन्यावर पावलं, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. सावळीराम खाली आला तेव्हा त्याच्या हातात गच्चीची किल्ली होती. ती खिळ्याला अडकवायला गेला, तेव्हा त्याला सोफ्यावर आपली फाइल उघडी पडलेली दिसली. तो वळून सगळ्यांकडे बघत राहिला.

“बाबा,” बुद्धभूषण म्हणाला, “हिला सांगा एकदा.”

“काय सांगू?”

अंजलीने कागद दिला. सावळीरामने चष्मा नसल्याने तो लांब धरला, पण वाचायची गरज नव्हती.

“बरोबर हाय,” तो म्हणाला.

“काय बरोबर आहे?”

“वॉकओव्हर. पाची. कागद मीच ठेवलेत ना त्या फायलीत. पस्तीस वर्षं झाली. कुणी उघडलीच नाय.”

बुद्धभूषण सोफ्यावर बसला. त्याने शोकेसकडे बघायचं टाळलं, ते अंजलीला दिसलं आणि तिला त्या क्षणी जिंकल्यासारखं अजिबात वाटलं नाही.

“मग समोर कुणीच नसताना तुम्ही जायचात कशाला?” तिने विचारलं.

सावळीराम खुर्ची ओढून बसला. एवढं बोलायची त्याला सवय नव्हती. तो थांबत, शब्द उचलून ठेवल्यासारखं बोलत होता.

नोकरीला लागला तेव्हा तो कोळसा विभागात होता. कोळसा वाहणाऱ्या पट्ट्याखालचा लोखंडी रोलर एकट्याने उचलताना खेळाच्या साहेबांनी त्याला पाहिलं. वजन विचारलं. एकोणऐंशी, म्हणाला. साहेब म्हणाले, एक्क्याऐंशीच्या वर कर. स्पर्धेत सगळ्या केंद्रांचे संघ यायचे, आणि प्रत्येक वजनगटाचे गुण संघाला मिळायचे. हेवीवेटला माणूस कुणाकडेच नसायचा. आपल्याकडे एक उभा राहिला, की ते गुण फुकट आपले. दुसरी केंद्रं कागदावर एखादं नाव टाकायची आणि पाठवायची नाहीत.

“नुस्तं घरी बसून पदक मिळत नाय,” सावळीराम म्हणाला. “नियम हाय. वजन द्यायचं. ग्लोव्हज बांधायचे. रिंगमधे जायचं. समोरच्याचं नाव तीनदा पुकारतात. घंटा देतात. एक मिनिट उभं राहायचं. मग रेफरी हात वर करतो. हॉल भरलेला असायचा. आधी नवनाथसारखी पोरं रक्त पुसत खाली उतरलेली असायची, आन मग मी. लोक शिट्ट्या मारायचे. एकजण ओरडला व्हता, आरसा द्या रे त्याला, आरशासंगं लढू द्या.”

“हे आईला का नाही सांगितलंत?” अंजली म्हणाली.

“नवं लग्न. पदक बघून हिच्या बापानं चांदवडला पेढे वाटले. सांगायचं राहिलं. मग दुसरं आलं.” तो विमलाबाईकडे न बघता म्हणाला, “ही शंका घेती, ते मला कळायचं. बनियन हुंगताना बघितलं व्हतं मी. म्हनलं, घेऊ दे. बाहेरख्याली म्हनती, फुकटा त म्हनत नाय.”

विमलाबाईने गवारीचं ताट बाजूला सरकवलं. एकोणचाळीस वर्षं. कितीतरी दिवाळ्यांना ती या माणसाला उटणं लावताना मनात नवसाबाईशी भांडली होती.

“आन केळी?” ती म्हणाली.

“वजन भरायला. एकोणऐंशीचं एक्क्याऐंशी व्हायचं त जायच्या आधी आठ दिवस रोज डझन-दीड डझन केळी आन वर पाणी. दीड डझन केळी खायला अर्धा घंटा लागतोच.”

“तिच्याकडचीच?”

“गेटवर दुसरी गाडी नव्हती.”

विमलाबाई त्याच्याकडे बघत राहिली. पटलं होतं, पण एकदम सगळं पटवून घ्यायची तिची तयारी नव्हती. “बघू,” ती म्हणाली. “वाचमनची बायको अजून जिती हाय.”

बुद्धभूषण हसला नाही. “म्हणजे तुम्ही कधी लढलातच नाही?”

सावळीरामने खिळ्यावरची किल्ली काढून त्याच्या हातात दिली. किल्लीला एक जाड, काळपट तांबडा गोल बिल्ला होता. घरातला प्रत्येक माणूस वर्षानुवर्षं रोज दोनदा तो हातात धरत होता. बुद्धभूषणने तो अंगठ्याने घासला. झिजलेल्या अक्षरांत एका खुल्या राज्य स्पर्धेचं नाव होतं, आणि खाली ‘तृतीय’.

“खुल्या स्पर्धांना मी रजा टाकून, पदरच्या तिकिटानं जायचो. तिथं हेवीवेटला मानसं यायची. चौदा लढती. जिंकलो तीन. अकरा हरलो. हे नाक त्यातल्याच एकीतलं, त्या पठ्ठ्याचं वजन नव्वद व्हतं. रिंगमधे माझ्याहून मोठा मानूस पाह्यला ना, त लय बरं वाटायचं.”

“ते नाक मला म्हाईतय,” विमलाबाई म्हणाली. “ते बनियन मी तीनदा धुतलं. तरी डाग गेला नाय.” मग थोड्या वेळाने, “त्या टायमाला मी कायबी इचारलं नव्हतं.”

अंजलीने फॉर्म घेतला. पेन उघडलं. “लढती चौदा, विजय तीन. असं लिहू?”

“समिती नाव देणार नाही मग,” बुद्धभूषण म्हणाला. “नवनाथकाका तर वाटच बघतायत.”

“त्या पोरीच्या बॅनरवर काय लिव्हलंय, वाचलंय का कुणी?” सावळीराम म्हणाला. “जिल्हा चँपियन, एक्क्याऐंशी किलोवरील. तिच्या गटात ती एकटीच व्हती. मी जाऊन इचारून आलो. तिच्यासमोर उभं राहायला त्या हॉलमधे एवढ्या वजनाचं कुणी नाय. अजून चार वर्षं असंच एक मिनिट उभं राहून हात वर करून घेनार ती. मग एक दिवस बाहेर जाईल आन समोर मानूस येईल.”

अंजलीचं पेन थांबलं. बॅनरखालचं ते कडू तोंड तिला आठवलं, आणि त्यावर आपण लावलेला अर्थही.

सावळीराम उठला. शोकेसची काच त्याने सरकवली, ती मधेच अडली, त्याने तळव्याने ढकलली. पाचही पदकं काढून विमलाबाईच्या रिकाम्या पिशवीत टाकली. या घरात पंखा कुठे लावायचा हेसुद्धा त्याने आजवर ठरवलं नव्हतं, त्यामुळे तो जे बोलला ते ऐकून घ्यायला सगळ्यांना जरा वेळ लागला.

“फॉर्म फाड. नाव नवनाथचं देऊ दे, रविवारी मीच जाऊन सांगतो. ही पदकं केंद्राला परत, ती संघाची हायेत. सोमवारपास्नं सकाळी सहा ते आठ मी हॉलवर. वेदिकासमोर ठोसे झेलायला पॅड धरून उभा राहनार. चहा साडेपाचला लागंल.”