माडीवरचे पारवे आणि ओटीवरचा जावई

जावयाला जावई न मानणारे सासरे साऱ्या ठाणे जिल्ह्यात एकच होते, आणि माझी पत्रिका जुळली ती नेमकी त्यांच्याच मुलीशी. जन्मभर मिठागरावर कारकुनी करून कल्याणला घरी बसलेले हे गृहस्थ माणसांशी तोलूनमापून बोलत आणि पारव्यांशी तासन्‌तास. माडीवरच्या फडताळात एका जोडीने काड्या आणून टाकल्या, त्या दिवसापासून घरात मोठ्याने खोकायची बंदी झाली. उखळ शेजाऱ्यांच्या अंगणात गेलं. पूजेच्या घंटेच्या लोलकाला त्यांनी चिंधी गुंडाळली. देवाला तेवढं ऐकू येतं, म्हणाले, पारवी मात्र दचकून उठते. पारवा घुमला की घर ओसाड पडतं, असं त्यांच्या थोरल्या बहिणीने बजावलं, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "अक्का, बायको गेली, मुलगी सासरी गेली. आता आणखी काय ओसाड पडायचंय? घुमू दे."

दिवाळसणाला मी ठाण्याहून नवा अंगरखा आणि कचेरीतला सगळा रुबाब अंगावर चढवून आगगाडीने उतरलो. बायको आधीच माहेरी आली होती. पाडवा झाला की तिला घेऊन परतायचं होतं. पाहतो तर जावयासाठी राखलेली माडी पारव्यांकडे, आणि माझी गादी ओटीवर, भाताच्या कणगीशेजारी. मी रीतसर रुसलो. रुसण्यात जावयाला फारसे कष्ट नसतात. भिंतीकडे तोंड करून 'भूक नाही' म्हणायचं, की सासरा अंगठी, निदान उपरणं तरी घेऊन मनधरणीला येतो. मी भिंत पाहत बसलो. आतून अनारशांचा वास येत होता. सासरे मात्र आळीच्या तोंडाशी उभे राहून, फटाके जरा लांब वाजवा म्हणून पोरांपुढे हात जोडत होते.

दुपार टळल्यावर पावलं वाजली. मी चेहरा आणखी लांब केला.

"जावईबापू," ते कुजबुजले, "चला लवकर. पिलं बाहेर आली."

बोलावणं जेवायचं नव्हतं, पण भुकेपुढे मान कुठला टिकतो? गेलो. फडताळात पिवळ्या लवेचे दोन कुरूप गोळे होते, आणि नर त्यातल्या एकाची चोच आपल्या चोचीत घेऊन त्याला भरवत होता.

"दोघंही पाजतात," सासरे म्हणाले. "आई नसली तरी बाप पाजतो."

मागच्या दारी बायकोने मला सांगितलं, की ती पाळण्यात असतानाच आई गेली. दादांना, म्हणजे तिच्या वडिलांना, दुसरी मुलगी सांगून आली होती. त्यांनी नकार दिला आणि बोंडल्याने दूध पाजून हिला वाढवलं. "पिलं उडेपर्यंत राहू का?" तिने विचारलं. "दादांना बरं वाटेल."

रुसलेल्या माणसाला एकदम हो म्हणता येत नाही. मी आधी दोन अनारसे खाल्ले आणि मग हो म्हणालो.

पुढे माझी आई कोकणात असल्यामुळे ठाण्यात मी स्वतःच्या हाताने भात करपवत राहिलो. कल्याणचं कुणी भेटलं की चौकशी करायचो, सासऱ्यांचा निरोप ठरलेला, "अजून पंख भरले नाहीत." पौष लागला तरी भरेनात. ते पारवे आहेत की शहामृग, अशी मला शंका येऊ लागली.

अखेर सासरे स्वतः तिला पोचवायला आले. पाणी प्यायले आणि मी बसा म्हणत असतानाच निघाले. पाठमोरे चालताना ते एकदम म्हातारे दिसले.

तरी स्वभाव जात नाही. "उडाली वाटतं पिलं?" मी खोचकपणे विचारलं.

"कधीच," ती म्हणाली. "दादा रोज मूठभर तांदूळ घेऊन माडीवर जायचे, थोडं बसायचे आणि खाली येऊन सांगायचे, अजून लहान आहेत गं."

"आणि तू वर जाऊन पाहिलं नाहीस?"

"उडताना मीच पाहिली होती," गाठोडं सोडत ती म्हणाली. "दादांना वाटायचं, मला ठाऊक नाही."