पालीच्या अंगणातले डाग

प्लास्टिकचं गवत दुरुस्त करून पोट भरतो असं सांगितलं की आमच्या भावकीतले शेळ्या-मेंढ्या राखणारे लोक तोंडावर हसतात. "जे शेरडू खात न्हाई त्याला गवत कावून म्हणायचं बे?" असं एकाने भर लग्नात विचारलं होतं. मला राग येतो. पण बंगल्यांच्या अंगणात हे गवत अंथरायची हौस वाढली आहे. ते उसवतं, फुगतं, जळतं, म्हणून माझी चूल पेटते.

पाली गावातल्या एका घरी मी पहिल्यांदा गेलो तो तीन डागांसाठी. घर एसटीतून निवृत्त झालेल्या ड्रायव्हर काकांचं. आदल्या वर्षी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालेलं आणि डॉक्टरांनी बिडी कायमची बंद केलेली. हे मला माहीत नव्हतं. काकांची खुर्ची कंपाउंडच्या भिंतीजवळ असायची आणि तिच्याशेजारीच गवतावर बोटाच्या पेराएवढे तीन डाग पडले होते.

"कशानं जळलं आसंल?" काकूंनी विचारलं.

मी वाकूनही न पाहता म्हणालो, "बिडीची ठिणगी, दुसरं काय!"

जिभेला हाड नसतं ते असं. काकूंचा चेहरा उतरला. काका "न्हाई वो, शपथ घेतो" म्हणत राहिले. मी डाग कापून काढले, नवे तुकडे चिकटवले आणि मांजरसुंब्याच्या धाब्यावर पोटभर जेवून घरी गेलो.

पंधरा दिवसांनी काकूंचा फोन आला. "पुन्हा पडलेत. या." आवाज रडवेला होता.

गेलो तर घरात अबोला. काका खुर्ची सोडून ओट्यावर बसलेले. काकूंनी मला बाजूला घेतलं. "यांचा श्वास चालू हाय का ते मी उठून उठून बघती, आन् हे लपून बिड्या ओढत्यात. खिसे तपासले, गादी उलटी केली, कपड्याचा वास घेतला. एक बिडी घावत न्हाई. एवढे हुशार कधीपासून झाले हे?"

"ओढतच न्हाई तर घावंल कुठून?" काका तिथूनच ओरडले.

मला माझीच लाज वाटली. त्या माणसाला चोर ठरवलं होतं ते मी. खाली बसलो, एक डाग कापला आणि पहिल्यांदा नीट पाहिला. बिडीने जळलेली जागा काळी पडते, तिच्यात राख अडकते. इथे काळं काहीच नव्हतं. पात्यांची टोकं नुसती वितळून मण्यांसारखी झाली होती. म्हणजे बिडी नाही. पण मग काय, ते सांगता येईना, आणि त्याशिवाय काकू माझं ऐकणार नव्हत्या.

पात्यांचा रोख जुळवून नवा तुकडा बसवला आणि चिकटवायचं सोल्यूशन धरेपर्यंत तो तळव्याने दाबून बसलो. दुपार भरात आली होती. बसल्या बसल्या मनगटाला असा चटका बसला की मी शिवीच हासडली. मुंगळा चावला म्हणून पाहतो, तर मनगटावर लखलखीत उजेडाचा ठिपका. हात काढला तसा तो गवतावर पडला आणि तिथल्या पात्या माझ्या डोळ्यांदेखत आक्रसू लागल्या. मान वर केली. भिंतीला टेकवून एक मोठं स्टीलचं खोलगट झाकण वाळत ठेवलं होतं. पिण्याच्या पाण्याच्या पातेल्यावरचं. काकू ते रोज घासून उन्हात ठेवत, आरशासारखं चकचकीत.

"काकू, पळत या!"

त्या आल्या. "हात ठेवा इथं," म्हणालो. त्यांनी ठेवला आणि झटक्यात मागे घेतला. मी झाकण उचललं की उजेड गायब, ठेवलं की पुन्हा हजर. तीनदा करून दाखवलं.

"बिडी न्हाई काकू, तुमचं झाकण हाय. आन् मी गाढव हाय." स्वतःला गाढव म्हणताना इतकं हलकं वाटेल असं मला वाटलं नव्हतं.

काका ओट्यावरून उतरले आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "एवढ्या शपथा घेतल्या, माझं ऐकलं न्हाई. झाकणाचं ऐकलं."

मला वाटलं काकू हसतील, नाहीतर उलट ऐकवतील. पण त्या मटकन गवतावरच बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडू लागल्या. काका घाबरले.

"अगं, आता कावून रडतीस? मी ओढलीच न्हाई ना!"

"तेच तर," काकू हुंदके देत म्हणाल्या. "म्हंजे तुमाला जगायचं हाय."