रस्त्यापलीकडचं सासर

चाकणवरून राजगुरुनगरकडे जाताना आत वळलं की आमची वस्ती येते. पंधरा-वीस घरं आणि मधून एक रस्ता. हा रस्ता म्हणजे दोन गावांची शीव. अलीकडची घरं एका ग्रामपंचायतीत, पलीकडची दुसरीत. मतदान वेगळं, रेशन दुकान वेगळं. नळाला पाणी अलीकडे सकाळी, पलीकडे संध्याकाळी, त्यामुळे हंडे दिवसभर रस्ता ओलांडत असतात. वस्तीची पाटी मात्र कोणीच लावली नाही, दुसरी पंचायत लावेल म्हणून. कुरिअरवाला पेट्रोल पंपावरून फोन करतो आणि वर आमच्यावरच चिडतो.

माझं लग्न पलीकडच्या घरात झालं, तेही माझ्या हट्टानं. आई गेल्यापासून घरात आबा आणि मी दोघंच. हिंजवडीचं एक फ्लॅटवालं स्थळ सांगून आलं होतं, पण मला आबांना एकटं टाकायचं नव्हतं. पलीकडचा मुलगा कंपनीत शिफ्टला जायचा, स्वभावानं शांत, आणि त्याच्या ओट्यावरून आमचं दार दिसायचं. मला आणखी काय हवं होतं? वस्तीतली पोरंपोरी म्हणजे बहीणभाऊ, अशी कुरकुर झाली. आबांनी ती एका वाक्यात मिटवली, "त्यो गाव येगळा हाय."

इथंच मी फसले. गाव वेगळा म्हटल्यावर आबा सगळंच परगावासारखं करायला लागले. पाठवणीला चाळीस पावलं चालू देईनात. सजवलेली गाडी या दारातून निघून त्या दारात थांबली तर लोक हसतील, म्हणून ती चाकणच्या चौकातून वळसा घालून आणायची ठरली. नेमकी शिफ्ट सुटायची वेळ. पुढे कंटेनर, मागे कंपन्यांच्या बसेस आणि मध्ये मुंडावळ्या बांधलेले आम्ही दोघं. दीड तास गेला. माझं रडू चौकातच संपलं, घरी पोचेपर्यंत कडकडून भूक लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन रस्ता ओलांडला. आबा दारातच आडवे उभे राहिले. तुला न्यायला कोण आलं होतं, म्हणाले. मी म्हटलं, कोणी नाही, चहा आणलाय.

"मग माघारी जा. न्यायला आल्याबिगर लेक म्हायेरी येत न्हाई."

मी चहा तसाच परत आणला. असा संताप आला म्हणता! ज्यांच्यासाठी एवढा घाट घातला, तेच दारात घेईनात. सासूबाई म्हणाल्या, रीत आहे, जरा दम धर. चार दिवस मी ओट्यावरून आबांच्या चुलीचा धूर बघत बसले. भाकऱ्या करपत होत्या, वास इथवर यायचा. त्यांना मी दिसत होते, पण ते मान वर करत नव्हते.

पाचव्या दिवशी दुपारी आबा आले. इस्त्रीचा सदरा, लग्नातली टोपी, हातात केळ्यांची पिशवी. लेकीला न्यायला भावानं यायचं असतं, मला भाऊ नाही. ते ओट्याच्या कडेला टेकले आणि लांबून आलेल्या पाहुण्यासारखी पिकापाण्याची चौकशी करत बसले. मी दाराआड उभी होते. बराच वेळ गेल्यावर त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि सासूबाईंना म्हणाले, "लेकीला दोन दिस नेऊ का? मला घरात करमंना."

सासूबाई हो म्हणायच्या आत मी चपला घातल्या होत्या.