हवेत उघडणारं दार

माझ्या वडिलांनी, आबांनी, कळंब्यात घर बांधलं, तेव्हा त्यातली आतली एकही भिंत कायमची नव्हती. शिरोलीच्या फौंड्रीत ते लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामासाठी वाळूत साचा उमटवायचे नमुने, बनवत. पॅटर्न वाळूत दाबला की वाळूला धक्का न लागता बाहेर निघायला हवा, म्हणून तो सुटा होणारा करतात. जन्मभर हेच केल्यावर न सुटणारी कुठलीही वस्तू त्यांना चुकीची वाटू लागली असावी. खांब, स्लॅब आणि बाहेरच्या भिंती तेवढ्या पक्क्या. आतल्या सगळ्या प्लायवूडच्या, बोल्टवर उभ्या.

"उद्या हितं दवाखाना निघंल, गिरण निघंल. आपण कशाला आडवं यायचं?" ते म्हणायचे. म्हणून प्रत्येक खोलीत मोरीचा पाइप होता, माझ्या पुस्तकांच्या कपाटामागेसुद्धा. वरच्या मजल्यावरचं एक दार थेट हवेत उघडत होतं. पुढेमागे कुणी बाहेरून जिना लावलाच, तर असावं म्हणून. त्याला कायम कुलूप. आणि घरात नियम एकच, भिंतीला खिळा मारायचा नाही. खिळा मारला की माणूस भिंत हलवू देत नाही, असं त्यांचं म्हणणं.

मग आबा गेले. रक्षाविसर्जनाला माणसं मावेनात, म्हणून चुलतभावांनी बोल्ट खोलायचे पाने आणून बैठकीची भिंत काढली. पावणे येत गेले तशी पुढची निघाली. मी अंघोळ करून आले तर माझी खोलीच नव्हती. माझ्या पलंगावर वारणानगरची मंडळी चहा पीत बसली होती.

मला एवढंच हवं होतं की आबांचा फोटो एका जागी असावा. सकाळी उठून बघितलं, की ते तिथे असावेत. फोटो आला तेव्हा मी बैठकीच्या उरलेल्या भिंतीत त्या घरातला पहिला खिळा मारला. उत्तरकार्याच्या दिवशी ती भिंत आचाऱ्यांना आडोसा म्हणून गेली. तिथून ती बायकांना लुगडी बदलायला आडोसा म्हणून गेली.

आत्या ओरडली, "आगं, माझा भाऊ बायकांत गेला की! फिरवा त्याला!"

भिंत फिरवली. आबा दिवसभर आचाऱ्यांच्या वांग्यांकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी ते मला एकावर एक रचलेल्या भिंतींच्या मधोमध सापडले.

मग मी घरात कधीच न हललेली एक वस्तू शोधली आणि फोटो त्या वरच्या दाराला आतून लावला. आत्यालाही पटलं. "ब्येस. तिथनं कोन येतंय नि जातंय!"

काही महिन्यांनी ब्यूटी पार्लरसाठी वरचा मजला बघायला एक बाई आल्या. प्रत्येक खोलीत पाइप, हव्या तशा भिंती. "ताई, हे घर पार्लरसाठीच बांधलंय की हो!" त्यांना फक्त बाहेरून जिना हवा होता. मी त्या दाराकडे बघितलं. नाही म्हणावंसं फार वाटलं. पण नाही म्हणणं म्हणजे आडवं येणं.

"जिना लावा," मी म्हणाले, "फोटो मात्र तिथंच राहील."

वेल्डर आला. दाराखाली बाहेरच्या भिंतीत आबांनी लोखंडी पट्ट्या आधीच गाडून ठेवल्या होत्या. जिना त्यांवर सहज बसला. कुणी आलं की दार आत उघडतं आणि आबा भिंतीकडे तोंड करतात. लग्नसराईत तर त्यांना क्षणाची उसंत नसते.

परवा आत्या आली आणि मला न विचारता वर गेली. फोटोसमोर एक बाई डोळे मिटून, तोंडाला पांढरा लेप लावून निश्चल बसली होती. मी मागोमाग पोचेपर्यंत आत्याने तिचा हात धरलाही होता.

"कुणाकडच्या ओ तुम्ही? लई जीव लावल्याला दिसतोय तुम्हाला."

लेप वाळत होता, बाईंना बोलता येईना. त्यांनी नुसती मान हलवली. आत्या तिथेच टेकली आणि रडली. इतक्या महिन्यांत तिला मी पहिल्यांदा रडताना बघत होते. मीही शेजारी बसले.

दार ढकललं गेलं, आबा फिरू लागले. आत्याने पाय लावून दार परत मिटलं.

"थांबा की वाईच! भावाजवळ बसलोय आम्ही."

बाहेर जिन्यावर गिऱ्हाइकं थांबून राहिली.