दोन फाकांचा पट्टा

पालांडे सरांची आणि माझी पहिली भेट चुकीच्या दारात झाली. नव्वदच्या दशकात ड्राफ्ट्समनचा कोर्स पुरा करून मी महाडच्या एमआयडीसीत नोकरी शोधत होते. कारखान्याचं गेट समजून एका पत्र्याच्या शेडमध्ये शिरले, तर आत ग्रीसने माखलेले एक गृहस्थ पालथे पडून लोखंडी पट्ट्याखाली डोकावत होते. न उठताच त्यांनी विचारलं, "ड्रॉइंग येतं का?" मी हो म्हटलं. "मग बसा." झाली मुलाखत. बाईमाणूस म्हणून कपाळावर आठी नाही, आडनावाची चौकशी नाही. मला ते आजही अहोजाहोच करतात.

सरांच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या यंत्रविद्येवर जाणकार लिहितीलच. मी साध्या भाषेत सांगते. पोलादपूरच्या डोंगरवाड्यांना पावसाळ्यात रस्ता उरत नाही. दरड आली की धान्य डोक्यावर आणि आजारी माणूस डोलीत. त्या चढांवर चालेल अशी, चाकांऐवजी पट्ट्यांवर धावणारी छोटी मालगाडी करायची, हा सरांचा ध्यास. बाजारात तिला 'पालांड्यांचा रणगाडा' म्हणत. सर वरवर रागावत, पण आतून खूश असत.

त्यांची कामाची रीत वेगळी. कागदावर रेघ ओढण्याआधी ते चप्पल हातात घेऊन तो चढ चढत आणि भारे वाहणाऱ्या बायकांना विचारत, "पाय कुठे घसरतो?" त्या उत्तरांची एक वही होती. दुसरी आठवण घरची. आमचं घर चवदार तळ्याजवळ. मार्चमध्ये तळ्यावर लोक येत तेव्हा आमच्याकडे पंगतींवर पंगती उठत. सर न मागता दोन दिवस सुट्टी देत, वर पिंपं भरून पाणी वाहायला वर्कशॉपची जीप पाठवत. माझी आई त्यांना अजून दुवा देते.

आता जे लिहायला बसले आहे ते लिहिते. पहिली गाडी कुडपणकडच्या एका वाडीत चालवायची ठरली. पट्टा ज्या लोखंडी पाट्या जोडून बनतो, त्यांना जमीन धरायला दात असतात. त्यांची उंची सरांनी ठरवून दिली होती. मला वाटलं, उंच दात चिखलात जास्त धरतील. शहाणपणा करून मी ड्रॉइंगमध्ये माप वाढवलं आणि सांगितलं नाही. सरांनी माझ्या भरवशावर न मोजता सही केली. गाडी झकास चढली आणि माझी मान ताठ झाली. चार दिवसांनी दातांनी पाडलेल्या चरांतून पाणी धावलं आणि कोंडाबाई नावाच्या एका म्हशीवाल्या बाईंची नाचणी बांधासकट वाहून गेली.

वाडी देवळापाशी जमली. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "सर, वाट देतो बोललात नि ओहोळ केलात. ही गाडी परत वाडीत नको." कोणीतरी विचारलं, दातांचं माप कोणी काढलं? सरांनी सकाळीच पट्टी लावून दात मोजले होते, मी पाहिलं होतं. सर म्हणाले, "सही माझी आहे. चूक माझी." मी गप्प राहिले.

पुढचे आठ दिवस आम्ही चर बुजवले, बांध घातला, शेजारच्या वावरांतून रोपं मागून नाचणी पुन्हा लावली. सरांची कंबर धरली. मला ते एकदाच म्हणाले, "माती धरायची खरी, पण ती कोंडाबाईंची आहे, हे माप घेताना विसरलो." 'विसरलात' म्हणाले असते तर मला सोपं गेलं असतं.

त्यांची घालमेल बघून कोंडाबाईच शेवटी म्हणाल्या, "सर, तुमच्या गाडीचा पाय एकसंध हाय. म्हशीचा बगा. चिखलात खूर फाकतो, कातळावर मिटतो. येवढी जड, पन रुतून बसत नाय." सर अख्खी दुपार म्हशीच्या पायांशी बसले. म्हैस कंटाळली, सर नाही. त्यातून दोन फाकांची पाटी निघाली. मऊ मातीत ती पसरते, खडकावर स्प्रिंगने मिटते. दातही आखूड झाले, आणि पिन ओढून वाडीतल्या कोणालाही काढता येतील असे. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात कल्पना सुचवणाऱ्याचं नाव म्हणून सरांनी मला 'कोंडाबाई' लिहायला लावलं. पुढच्या पावसाळ्यात कोंडाबाईंनीच वाडीला सांगितलं, "येऊ द्या रे, आता शिकलाय तो रणगाडा."

आज तसे पट्टे कितीतरी वाड्यांत चालतात. पण कोंडाबाई दर भेटीत सरांची थट्टा करतात, "माजी नाचनी खाल्लीत तुमी." सर मान खाली घालून हसतात आणि मी शेजारी उभी असते. इतक्या वर्षांत त्यांनी मला जाब विचारला नाही, माफ केल्याचंही सांगितलं नाही. माझी नोकरी, माझी इभ्रत, पुढे हातून झालेलं सगळं काम त्या एका सहीच्या आडोशाला वाढलं. हे ऋण मोठं आहे.

हा ग्रंथ वाडीत वाचून दाखवणार आहेत असं कळलं, म्हणून इथेच लिहिते. कोंडाबाई, तुमची नाचणी सरांनी नाही, मी घालवली. माप मी बदललं होतं. सर, हे वाचून तुम्ही चिडाल, खुशाल चिडा. तुमचे गुडघे आणि कंबर शंभरीपर्यंत साथ देवोत, डोंगर चढायला दम पुरो. फक्त यंदा वाडीवर गेल्यावर कोंडाबाईंशी आधी मला बोलू द्या.