हॉल नंबर दोन

तिसऱ्यांदा बटण दाबलं, तिसऱ्यांदा तीच लाल ओळ आली. गावचा हॉल, दर बुधवारी संध्याकाळी सहा ते आठ, नोंदी दोन. आमच्या धंद्यात याला कॉन्फ्लिक्ट म्हणतात. म्हणजे एकाच मंगल कार्यालयात एकाच मुहूर्तावर दोन लग्नं.

मी जर्मनीत, एश्बॉर्नच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर कन्सल्टंट आहे. तासाभरावरच्या एका खेड्याचं काम माझ्याकडे आलं होतं. हॉल, मैदान, बोलिंगची जुनी लेन, सगळ्यांचं बुकिंग वहीतून काढून ऑनलाइन करायचं. वही जाडजूड, अक्षर देखणं. आणि त्या देखण्या अक्षरात वर्षानुवर्षं दर बुधवारी पुरुषांचं गाण्याचं मंडळ आणि बायकांचा व्यायामाचा वर्ग एकाच हॉलमध्ये, एकाच वेळी लिहिलेले.

ही वही सांभाळायच्या फ्राऊ केलर, म्हणजे केलरबाई. गेमाइंडेच्या, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीच्या, ऑफिसात. मी त्यांना फोन केला.

"यातली खरी नोंद कोणती?"

"दोन्ही."

"पण हॉल एकच आहे ना?"

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं त्या म्हणाल्या, आणि माझी शंका फिटली असं समजून त्यांनी फोन ठेवला.

माझं डोकंच चालेना. मध्ये सरकती भिंत असेल म्हणून प्लॅन मागवला. भिंत नव्हती. एकाआड एक बुधवार असेल म्हणावं, तर तसंही नव्हतं. माझा बॉस स्टेफान म्हणाला की एक वेळ, एक ग्रुप. सोमवारी गो-लाइव्ह आहे, एक नोंद उडव. गो-लाइव्ह म्हणजे सिस्टिम खऱ्या लोकांसाठी सुरू होते तो दिवस. वहीत गाण्याचं मंडळ वरच्या ओळीत होतं, एवढ्याच कारणाने मी ते ठेवलं. सोमवारी व्यायामाच्या वर्गाला सिस्टिमची आपोआप मेल गेली, तुमचं बुकिंग रद्द झालं आहे.

बुधवारी दुपारी फ्राऊ केलरनी फोन करून संध्याकाळी येऊन जा म्हणून सांगितलं. का, ते सांगितलं नाही.

हॉलमध्ये पंधरा-सोळा आजोबा हातात गाण्याचे कागद घेऊन उभे होते आणि कोणीच गात नव्हतं. हॉल तर यांनाच मिळाला होता, मग अडलं कुठे? त्यांच्या गाण्याला हाताने ताल देणाऱ्या कंडक्टरने नुसतं दाराकडे बोट दाखवलं. तिथे खुर्चीवर एक आजी कोट न काढताच बसल्या होत्या. व्यायामाचा वर्ग घेणाऱ्या फ्राऊ लोरेन्झ. हातात मेलची प्रिंट.

"मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे," त्या म्हणाल्या. "आठवड्यातून एकदा घराबाहेर पडते, ती इथे येण्यासाठी. आमचं काय चुकलं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी विचारलंच, की दोघांचं एकाच वेळी कसं जमतं?

त्या उठल्या. कोट काढला, बाहेर थांबलेल्या बायकांना आत बोलावलं. कंडक्टरने हात उचलला. आजोबा गायला लागले आणि त्या तालावर आज्यांचे हात वर, गुडघे वर. कोणी दमलं की कंडक्टर लय कमी करायचा. गाणाऱ्यांना ऐकायला कोणी नव्हतं आणि व्यायामाला संगीत नव्हतं, म्हणून कधीतरी ही जोडी जमली होती. गावात सगळ्यांना माहीत, त्यामुळे वहीत वेगळं लिहायचं कोणाच्या मनातही आलं नव्हतं. बघताना मला हसू येत होतं आणि स्वतःचा रागही.

सिस्टिमचा नियम बदलणं माझ्या हातात नव्हतं. मग मी त्या गावाला सिस्टिमपुरता आणखी एक हॉल दिला. मंडळ हॉल एकमध्ये, वर्ग हॉल दोनमध्ये. लाल ओळ गेली, स्टेफान खूश.

पंधरवड्याने फ्राऊ केलरचा फोन. शेजारच्या गावातलं एक जोडपं वाढदिवसासाठी हॉल दोन बघायला आलं होतं. मी घाईघाईने तो बुधवारचे दोन तास सोडून कायमचा बंद करून टाकला.

नोंद चुकीची वाटली, तर उडवण्याआधी जागेवर जाऊन बघावं, एवढा धडा मी घेतला. त्या जोडप्याला काय सांगितलंत, असं मी नंतर फ्राऊ केलरना विचारलं.

"खरं तेच सांगितलं," त्या म्हणाल्या. "हॉल दोन फक्त बुधवारी असतो."