रंगूनचं लायसन, गावातलं बारसं

तुमचं क्रियाकर्म उरकलं, गाव तुमच्या तेरवीचं जेवून हात धुऊन मोकळं झालं, आणि काही वर्षांनी तुम्ही आपल्याच पायांनी चालत घरी आलात, तर तुम्हाला दारात कोण उभं करील? छातीवर हात ठेवून सांगा. भाऊ? भावकी? ज्यांनी तुमच्या नावानं बुंदी खाल्ली ते?

कडूबाला कोणी उभं केलं नाही. बायकोनं केलं असतं, पण तिला चौघींनी मागं ओढली.

कडूबा शालिग्राम हा वऱ्हाडातल्या बीबी गावापासून दोन कोसांवरच्या एका खेड्यातला. खेड्याचं नाव इथं घालत नाही, कारण त्याच्या बायकोला अजून त्याच विहिरीवर पाणी भरायचं आहे. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत भरतीवाले आले तेव्हा मिसरूड फुटलेला हा गडी लग्नाची हळद उतरायच्या आत पलटणीत गेला. तिथं मोटार शिकला आणि ब्रह्मदेशात जाऊन पोचला. लढाई संपली, पलटण माघारी फिरली, आणि हा रंगूनलाच राहिला. लाकडाच्या वखारीवर मोठी लॉरी चालवायचा. तिथल्या सरकारनं त्याला रीतसर लायसन दिलं. याला लिहिता येत नव्हतं. सुरुवातीला कोणाच्या तरी हातून चार ओळी यायच्या, मग त्याही थांबल्या. का थांबल्या ते कडूबा सांगत नाही. "तिकडं बाई ठेवली होती काय बे?" असं गाव अजूनही पारावर विचारतं. रुख्मिणीनं, त्याच्या बायकोनं, मात्र हे कधी विचारलं नाही.

बारा वर्षं वाट पाहायची अशी रीत आहे. गावानं पाहिली. मग हरवलेल्या माणसाचं करतात तसं केलं. पळसाच्या पानांचा पुतळा बांधला, तिरडीवर घातला, नदीकाठी नेऊन जाळला. रुख्मिणीच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. त्या दिवसापासून कडूबा मेला. रंगूनमध्ये तो त्या वेळी लॉरीत सागाचे ओंडके भरत असेल, त्याचं कोणाला काय?

पुढं तिकडल्या सरकारचं डोकं फिरलं आणि आपली माणसं त्यांनी काढून लावली. बोटीवर चढताना होतं नव्हतं ते, पलटणीच्या कागदांसकट, ठेवून घेतलं. कडूबा अंगावरच्या कपड्यांनिशी मद्रासला उतरला. बंडीच्या आतल्या खिशात तेवढं लायसन होतं. अर्धं तिकडच्या लिपीत, अर्धं इंग्रजीत, आणि फोटो घामानं असा धुतलेला की मिशीच काय ती ओळखू यावी.

गावात आला तो संध्याकाळी, गुरं घराकडं फिरताना. रंगराव वेशीतच भेटला. रंगराव म्हणजे गावचा पोलीस पाटील आणि याचाच थोरला चुलतभाऊ.

"दादा, मी कडूबा."

रंगरावाच्या हातातली काठी वर आली. "थांब तठीच! कडूबाले म्या माह्या हातानं आग देली बे. तू कोन?"

"मीच हावो ना दादा. तुह्या संगं कोऱ्हाळ्याच्या शिवारात चिंचा पाडल्या, ते विसरला काय?"

"भुताले बी चिंचा याद राह्यते."

आरडाओरडा ऐकून बायका धावल्या. रुख्मिणी पुढं आली, पाहिलं आणि म्हणाली, "तेच हायेत." झालं. विधवा बाईनं भरल्या तिन्हीसांजेला परक्या पुरुषाकडं पाहून असं बोलावं? तिला ओढत घरात नेली आणि कडी घातली. कडूबा गावाबाहेरच्या एका पडक्या गोठ्यात राहिला. पोरं लांबून खडे मारून पाहायची, भूत ओरडतं का ते.

पण हाताला काम पाहिजे. तो चिखलीला उत्तमरावांकडं गेला. उत्तमरावांची कापसाची जिनिंग आहे, गाठी न्यायला लॉरी आहे. त्यांनी किल्ली दिली. कडूबानं गाठी भरलेली लॉरी त्या चिंचोळ्या फाटकातून उलटी आत घेतली, फाटकाला ओरखडा नाही. उत्तमराव माणूस फाटक्या तोंडाचा, पण सरळ.

"हात पाह्यला तुहा. पन पोलीस हात नाई पाह्यत, कागद पाह्यते. रंगूनचा कागद अठी काय कामाचा? बदलून आन. दसऱ्याले हंगाम सुरू होते, तवर गाडी तुह्यासाठी उभी ठेवतो. दसऱ्यानंतर मले बोल लावू नोको."

दसऱ्याला अजून बरेच दिवस होते. कडूबा खुशीत लायसनच्या कचेरीत गेला. तिथल्या कारकुनानं ते लायसन उलटं धरलं, सुलटं धरलं, शेजारच्याला दाखवलं. "हे काय रे, लायसन आहे का जिलेबीचं ताट?" सगळे हसले. कडूबाही हसला. गरजवंताला हसावंच लागतं.

साहेब मात्र नीट बोलले. "बदलून देता येईल. तिकडची लॉरीची वर्षंही धरता येतील. पण हे लायसन तुझंच कशावरून? फोटो तर गेलाय. तुझ्या गावच्या पोलीस पाटलाचा दाखला आण, की हा इसम आमच्या गावचा, याचं नाव हे."

"अन् दाखला नाई भेटला त, साहेब?"

"मग नव्यानं शिकाऊ काढायचं. आधी लहान गाडी. लॉरीचं पुढं काही वर्षांनी बघू."

चाळिशी ओलांडलेला माणूस. लहान गाडी त्याला कोण देणार, आणि काही वर्षं तो खाणार काय? म्हणजे दाखल्याशिवाय गती नाही, आणि दाखला रंगरावाच्या हातात.

रंगराव वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून ठेवलं पाहिजे. वाईट असता तर बरं झालं असतं, त्याच्या दारात मोर्चा नेऊन बसता आलं असतं. तो खरं बोलणारा आहे, आणि खरं बोलणाऱ्या माणसाचं काय करायचं ते आम्हा कार्यकर्त्यांना चळवळीत अजून कोणी शिकवलेलं नाही.

"मेलेल्याचा दाखला मी कसा लेहू?" तो म्हणाला. "पन उपाय हाये. मेहकरच्या जोशीबुवाले इचारून आलो. तुले जलम घ्या लागते."

"मी मेलोच नाई, त जलमू कसा?"

"पुतळा जळला ना? त कोनीतरी मेलंच."

कडूबा भडकला. म्हणाला, मी पलटणीतला माणूस, असल्या पोरखेळात मी बसणार नाही. दणदण पाय आपटत गोठ्यात परत गेला. दुसऱ्या दिवशी सरपण गोळा करायच्या निमित्तानं रुख्मिणी बांधावर आली. दोघांच्या मध्ये बोराटीचं कुंपण. ती त्याच्याकडं न पाहता बोलली.

"तुमचं काय, तुमी उद्या बी जासान कुठी. माह्या कपाळाकडं पाहा एकडाव."

कडूबानं पाहिलं. आणि रंगरावाकडं जाऊन म्हणाला, "कर मले पैदा."

ते बारसं गावानं पाहिलं. मिशा भादरून टाकल्या. मोठं तांब्याचं घंगाळ आणलं, त्यात पाणी आणि वर तुपाची धार. कडूबाला गुडघे पोटाशी घेऊन त्यात बसवलं, वरून लुगडं टाकलं. गोजरबाई सुईणीनं, जिनं चाळीस-बेचाळीस वर्षांपूर्वी त्याला खरोखरीचा काढला होता, दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरून बाहेर ओढलं.

"रड ना बावा," गोजरबाई म्हणाली. "रडल्याबिगर लेकरू जित्तं हाये हे कसं समजन?"

बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. कडूबानं "ट्यां" केलं. काय करणार? मग जिभेला मध लावला. पाळण्यात तो मावेना, म्हणून नुसतं डोकं पाळण्यात ठेवून दोरी ओढली. एकीनं कुजबुजत विचारलं, "माय वं, याले दूध कोन पाजन?" त्यावर म्हाताऱ्या सुद्धा हसल्या. पण गोजरबाई हसता हसता थांबली आणि डोळे पुसायला लागली. कडूबाच्या आईची ती जिवाभावाची मैत्रीण होती. आई पुतळा जळाला त्याच साली गेली.

नाव ठेवायची वेळ आली. आधीची लेकरं जगेनात म्हणून आईनं याचं नाव कडूबा ठेवलं होतं. कडू पदार्थ काळही तोंडातून थुंकून टाकतो, असा आपल्याकडं समज. आता जोशीबुवा म्हणाले, जुनं नाव पुतळ्याबरोबर जळालं, जळालेलं नाव पुन्हा घालू नये. नवं नाव ठेवलं नारायण.

मग त्याच मांडवात नारायणचं रुख्मिणीशी लग्न लागलं. तिच्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या, कपाळावर कुंकू लावलं. तेव्हा ती हसली नाही, रडली नाही. बांगड्यांचा हात कानाशी नेऊन एकदा हलवला, एवढंच. ते पाहिलं आणि घंगाळाची, पाळण्याची, भादरलेल्या मिशीची सगळी लाज कडूबाच्या अंगावरून उतरली.

रंगरावानं शब्द पाळला. दुसऱ्याच दिवशी शिक्का मारून दाखला दिला. कडूबाला वाचता येत नव्हतं. तो तसाच एसटीनं निघाला, कचेरीत गेला आणि कागद टेबलावर ठेवला.

कारकुनानं मोठ्यानं वाचलं. "नारायण वल्द शालिग्राम, राहणार मौजे अमुक. हा इसम आमच्या गावचा असून..." मग लायसनवरची इंग्रजी ओळ वाचली. मग पुन्हा दाखला वाचला. या वेळी तो हसला नाही.

साहेबांनी विचारलं, "लायसन कडूबाचं. दाखला नारायणचा. कडूबा कुठं आहे?"

"मीच ना, साहेब."

"मग नारायण कोण?"

"थो बी मीच."

"लायसनवरच्या माणसाला मिशी आहे. तुला तीही नाही. दुसऱ्याचं लायसन घेऊन येतोस? पोलिसांत देऊ का?"

कडूबानं घंगाळापासून सगळं सांगितलं. सांगता सांगता त्यालाच ते खोटं वाटायला लागलं. साहेब म्हणाले, हे सगळं खरं असेल, पण गावाकडून एवढं एक वाक्य आण, की हाच तो कडूबा.

तो रात्रीचा दिवस करत परतला. रंगरावाच्या ओट्यावर डोकं टेकलं. "दादा, एवढं लेहून दे. हाच कडूबा. बस्."

रंगरावानं सुपारी कातरायला घेतली. "तुह्याशी माह्यं वैर हाये काय? नाई. पन मी पाटील हावो. कडूबा जित्ता हाये असं म्या लेहलं, त बारसं खोटं झालं. बारसं खोटं त लगन खोटं. मंग त्या बाईच्या कपाळावर कुंकू कोनाचं हाये? गाव मले इचारन. तिले पंगतीत घेतीन काय? तिच्या हातचं पानी पेतीन? सांग, लेहू?"

रुख्मिणी ओट्याखाली उभी होती. तिनं सगळं ऐकलं. "लेहून घ्या," ती म्हणाली. "मी पुसते." आणि खरंच पदर कपाळाकडं नेला.

कडूबानं तिचा हात धरला, सगळ्यांदेखत. "एकडाव पुसलं तेवढं लय झालं," तो म्हणाला आणि ओट्यावरून उठला.

हे पहा, या माणसावर जुलूम करणारा कोणी शोधून सापडत नाही. साहेब कायद्यानं वागले, पाटील धर्मानं वागला, सुईणीनं मायेनं ओढला, आणि सगळ्यांनी मिळून एक धडधाकट ड्रायव्हर रस्त्यावर आणला. डोकं आपटायला भिंत तरी पाहिजे. इथं भिंतही नाही, नुसता चिखलाचा गारा आहे, पाय टाकाल तेवढा आत.

साहेबांकडं तिसऱ्यांदा गेल्यावर त्यांनी एक वाट सांगितली. गाव नसेल बोलत तर गावाबाहेरचे दोन इसम आणा. त्यांनी याला रंगूनला कडूबा या नावानं लॉरी चालवताना पाहिलेलं असावं, तसं शपथेवर सांगावं. मग "कडूबा ऊर्फ नारायण" असं लायसन निघेल. बारशाला धक्का नाही, कुंकवाला धक्का नाही.

पलटणीतला एक सोबती, भगवंतराव नावाचा, देऊळघाटचा होता. तोही काही वर्षं रंगूनला राहून आला होता. कडूबा देऊळघाटला चालत गेला. घराबाहेर भगवंतरावाची सून भांडी घासत होती. म्हणाली, "मामंजी गेल्या पोळ्यालेच गेले." कडूबा तिथंच दगडावर बसला. पाणी दिलं तर ते हातातच राहिलं. बोटीवरून सोबत आलेली माणसं कोणी आंध्रात, कोणी मद्रासकडं. त्यांची गावं यालाच ठाऊक नाहीत.

आता दसरा तोंडावर आला आहे. एक दुसरा ड्रायव्हर रोज सकाळी जिनिंगच्या फाटकाशी येऊन बसतो आणि उत्तमराव अजून त्याला "पाहू" म्हणतात. कडूबाही रोज जातो. लॉरी धुतो, काच पुसतो, चाकांतला चिखल काढतो. धुवायला लायसन लागत नाही. मग दार उघडून स्टेरिंगमागं बसतो, किल्ली नसते, नुसता बसतो. परवा त्याला तसा बसलेला पाहून उत्तमरावांनी तोंड फिरवून घेतलं.

तुमच्या गावात, तुमच्या वाडीवस्तीवर, तुमच्या सोयऱ्याधायऱ्यांत रंगूनहून परत आलेला कोणी असेल. पलटणीतला असेल, गोदीतला असेल, दुकानात पुडे बांधणारा असेल. त्याला आजच गाठा; असे दोन जण लागतात. विचारा, लाकडाच्या वखारीवर लॉरी चालवणारा, दाट मिशांचा, वऱ्हाडी बोलणारा कडूबा आठवतो का? "हाव, आठवते" असं तो म्हणाला, तर त्याला पुढचं काही विचारत बसू नका. हाताला धरा, एसटीत बसवा आणि दसऱ्याच्या आत चिखलीला उत्तमरावांच्या जिनिंगवर आणून पोचवा.